कोरड्या विहिरीत उतरताना

हारुकी मुराकामी यांच्या ‘द वाइंड-अप बर्ड क्रॉनिकल’ या कादंबरीतला तोरू ओकादा हा नोकरी सोडून घरी बसलेला साधा माणूस. स्पॅगेटी उकळतो, हरवलेलं मांजर शोधतो. पुढे बायकोही निघून जाते. मग एक दिवस तो शेजारच्या ओसाड घरातल्या कोरड्या विहिरीत उतरतो, तळाशी बसून राहतो आणि तिथल्या भिंतीतून एका हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत पोचतो. मुराकामी पहिल्यांदाच हाती घेणारा वाचक इथे अडतो. ‘याचा अर्थ काय?’ म्हणतो आणि पुस्तक मिटतो.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाने मात्र इथे जरा रेंगाळावं. कोरडी विहीर म्हणजे काय, हे यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. पाणी खाली गेलं की यारी लावून गाळ काढायचा, आडवे बोअर मारायचे आणि तरी पाझर लागला नाही की विहीर सोडून द्यायची. खाली उतरलेल्या माणसाला वर आभाळाचा गोल तुकडा दिसतो आणि चहूबाजूंनी मातीचे, वाळूचे, गोट्यांचे थर. जितकं खोल जावं तितकी जुनी जमीन.

मुराकामींची विहीरही अशीच काळात उतरते. कादंबरीत दुसरीही एक विहीर आहे. १९३८ साली मंगोलियाच्या माळावर लेफ्टनंट मामियाच्या डोळ्यांदेखत त्याच्या सोबत्याची जिवंतपणी कातडी सोलली जाते, मग मामियालाच कोरड्या विहिरीत उडी मारायला लावतात. दिवसातून काही क्षणच ऊन तळापर्यंत पोचतं. पुढच्याच वर्षी मंगोलियाच्या सरहद्दीवर नोमोनहानची लढाई झाली. जपानी सैन्य दारुण हरलं आणि सरकारने ते लोकांपासून दडवलं. तोरू उतरतो तो या दडपलेल्या भूतकाळात. अशक्य वाटणारी ती भिंत ओलांडल्याशिवाय तिथे जाण्याची वाटच उरलेली नाही.

आपल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ (२०१०) वाचलेल्यांना ही वाट अनोळखी नाही. पुरातत्त्वाचा अभ्यासक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननापासून सुरुवात करतो आणि काळाचे थर एकमेकांत मिसळू लागतात. फरक आहे तो तळाशी काय सापडतं यात. खंडेरावच्या तळाशी गाव, कूळ, माणसांचा गलका आहे. तोरूच्या तळाशी तो एकटाच आहे. महानगरातलं एकटेपण मुराकामी ज्या बारकाईने दाखवतात, ते पुण्या-मुंबईत खोली करून राहणाऱ्या खान्देशी पोरांना चटकन उमगेल.

हे सगळं भाषांतरात टिकतं कसं? मुराकामींनी १९७९ च्या पहिल्या कादंबरीची सुरुवात आधी इंग्रजीत लिहून पाहिली, मग ती जपानीत आणली. इंग्रजी तोकडं असल्याने वाक्यं आपोआप छोटी आणि स्वच्छ झाली, आणि पुढे तीच त्यांची शैली ठरली. शिवाय ते स्वतः कसलेले भाषांतरकार आहेत. ज्या ‘कॅचर इन द राय’शी नेमाड्यांच्या ‘कोसला’ची (१९६३) तुलना होत आली, ती कादंबरी मुराकामींनी २००३ मध्ये जपानीत आणली.

तरी काही गळतंच. ‘वाइंड-अप बर्ड’ जपानीत १९९४-९५ मध्ये तीन भागांत आली. जे रुबिन यांच्या १९९७ च्या इंग्रजी आवृत्तीत, प्रकाशकाच्या पानांच्या मर्यादेमुळे, काही प्रकरणं वगळली गेली. त्यामुळे इंग्रजीवरून वाचणाऱ्याला पूर्ण पुस्तक मिळतच नाही.

अमळनेरच्या साने गुरुजींनी टॉलस्टॉयचं कलाविषयक पुस्तक मराठीत आणलं तेव्हा रशियन भाषा शिकण्याची सोय आपल्याकडे जवळपास नव्हती. आज पुण्यात जपानी शिकून त्या जोरावर कंपन्यांत लागलेली मराठी मुलंमुली आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी ही कादंबरी मुळातून, एकही प्रकरण न गाळता मराठीत आणायला हवी. ते काम आता अडायचं कारण नाही.