विश्लेषण: ‘रॉक मशीन’चे चाहते आजही कशावरून वाद घालतात? मुंबईचा हा आवाज यवतमाळपर्यंत पोहोचला कसा?

ऐंशीच्या दशकात कॉलेजात असलेल्या, इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या कुणालाही विचारा. ‘भारतातला बँड’ म्हटलं की पहिलं नाव बहुतेक वेळा एकच येतं, रॉक मशीन. पुढच्या पाच मिनिटांत वाद सुरू होतो. जुना गायक चांगला की नवा? नाव बदलायला हवं होतं का? इंग्रजीत गायचा अट्टहास कशासाठी? बँड स्थापन होऊन चाळीस वर्षं उलटली तरी हे प्रश्न सुटलेले नाहीत. यवतमाळ, पुसद, वणीसारख्या गावांतल्या चाहत्यांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. त्यातल्या बहुतेकांनी हा बँड रंगमंचावर कधी पाहिलाच नाही. त्यांनी तो फक्त कॅसेटवर ऐकला.

रॉक मशीन म्हणजे नेमकं कोण?

१९८४ मध्ये मुंबईत हा बँड सुरू झाला. गिटारवादक महेश तिनईकर आणि बेस वाजवणारा मार्क सेल्विन सुरुवातीपासूनचे. पहिला गायक इयान सांतामारिया. त्याच्यानंतर उदय बेनेगल आला आणि तोच बँडचा चेहरा ठरला. गिटारवर जयेश गांधी, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रम्सवर मार्क मेनेझिस असा तो चाहत्यांच्या डोळ्यांसमोर असलेला संच. नावं नुसती वाचली तरी तेव्हाची मुंबई दिसते. तिनईकर, गांधी, बालापोरिया, मेनेझिस एकाच रंगमंचावर.

सुरुवातीला हेही इतरांसारखेच परदेशी बँडची गाणी वाजवायचे. त्या काळी भारतातल्या रॉक बँडची किंमत एकाच गोष्टीवर ठरायची: मूळ गाणं किती हुबेहूब वाजवता? स्वतःचं गाणं सुरू केलं की प्रेक्षकांतून ओळखीच्या गाण्यांच्या फर्माइशी यायच्या. रॉक मशीनने हळूहळू स्वतःची गाणी पुढे रेटली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा पहिला अल्बम आला, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. ‘टॉप ऑफ द रॉक’ आणि ‘प्रिटी चाइल्ड’ ही चाहत्यांच्या तोंडी असलेली दोन गाणी अनुक्रमे याच दोन अल्बममधली.

यवतमाळमध्ये हे ऐकायला कसं मिळायचं?

आज मोबाइलवर दोन सेकंदांत गाणं सुरू होतं, त्यामुळे हा प्रश्नच विचित्र वाटेल. तेव्हाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. टीव्ही म्हणजे दूरदर्शन, तेही एकच. पाश्चात्त्य संगीत ऐकायचं तर रेडिओच्या शॉर्टवेव्हवर खरखरीतून स्टेशन शोधायचं. मुंबई साडेसहाशे किलोमीटरहून लांब. यवतमाळ शहर मुख्य रेल्वेमार्गावर नाही. पन्नासेक किलोमीटरवरच्या धामणगावला एसटीने जायचं, तिथून मुंबईची गाडी पकडायची आणि रात्रभर प्रवास करायचा. यवतमाळची स्वतःची रेल्वे म्हणजे मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेज शकुंतला. ती १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर धावत होती. म्हणजे रॉक मशीनचे दोन्ही अल्बम येऊन गेले, बँडने नावही बदललं, तरी शकुंतला वाफेवरच होती!

जिल्ह्यात सार्वजनिक संगीत नव्हतं असं मात्र नाही. यवतमाळचा दुर्गोत्सव तेव्हाही गाजायचा, गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचे. ड्रमसेट, इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड ही वाद्यं इथल्या लोकांनी आधी ऑर्केस्ट्रात पाहिली, हिंदी सिनेमाच्या गाण्यांसोबत. याच वाद्यांवर कुणी स्वतःची, सिनेमाबाहेरची गाणी वाजवतं हीच नवलाची गोष्ट होती.

अशी गाणी गावात यायची ती बहुधा माणसांच्या बॅगेतून. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झालं, यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये. कॉलेज आलं की हॉस्टेल आलं. हॉस्टेल आलं की मुंबई-पुण्याहून आलेला एखादा मुलगा आणि त्याचा टेपरेकॉर्डर आला. उलट वाटही होती. इथून शिकायला बाहेर गेलेली मुलं दिवाळीच्या सुट्टीत कॅसेट घेऊन परतायची. मग डबल डेक असलेल्या मित्राचं घर गाठायचं, कोरी कॅसेट टाकायची आणि कॉपी करून घ्यायची.

कॅसेटची कॉपी ऐकल्याने काय फरक पडतो?

फरक पडतो आणि तो मोजता येतो. साधी ६० मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते, म्हणजे आत सुमारे ८६ मीटर फीत असते. ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये हीच लांबी १२८ मीटरवर जाते. डबी तेवढीच असल्याने फीत पातळ करावी लागते. म्हणूनच ९० ची कॅसेट प्लेअरमध्ये जास्त अडकायची आणि पेन्सिल घालून गुंडाळत बसावं लागायचं.

फितीला स्वतःची एक ‘सूऽऽ’ अशी खरखर असते. कॉपी करताना मूळ कॅसेटची खरखर नव्या कॅसेटवर गाण्यासोबत नोंदली जाते आणि नव्या फितीची स्वतःची खरखर तिच्यात मिसळते. दोन्ही सारख्या असतील तर पहिल्याच कॉपीत खरखरीची शक्ती दुप्पट होते, म्हणजे ३ डेसिबलने वाढते. कॉपीची कॉपी केली की आणखी भर. झांजांचा झणत्कार, शब्दांतले ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक उंच आवाज आधी बुजतात.

मुंबईच्या चाहत्याने विकत घेतलेली मूळ कॅसेट ऐकली. यवतमाळच्या चाहत्याच्या हाती अनेकदा तिसरी-चौथी प्रत असायची. त्यामुळे शब्द नीट कळायचे नाहीत, ज्याने त्याने आपापल्या कानाने ते भरून काढले. इंग्रजी माध्यमात न शिकलेल्या मुलाला तर गाण्याचा अर्थ मित्राकडून, कधी डिक्शनरीतून मिळायचा. कॅसेटवर उरलेल्या जागेत मित्राने दुसऱ्याच बँडची दोन गाणी भरलेली असायची. तीही रॉक मशीनचीच, असा समज पुढे कित्येक वर्षं टिकायचा.

मग मुंबईच्या चाहत्यांकडे काय होतं?

त्यांच्याकडे रंगभवन होतं. धोबी तलावजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं हे खुलं नाट्यगृह म्हणजे मुंबईच्या रॉकचं घर. मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड इथे वाजवून गेला. १९७८ पासूनची जॅझ यात्रा इथली. १९८६ मध्ये फरहाद वाडियाने सुरू केलेल्या, स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराच्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ची ओळखही याच जागेशी जोडली गेली. ऑगस्टचा महिना, वर उघडं आभाळ, त्यामुळे पाऊस ठरलेलाच.

हे पुढे बंद पडलं ते संगीतामुळे नाही, कायद्यामुळे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र तेव्हा शांतता क्षेत्र ठरत असे. रंगभवनला हॉस्पिटल आणि कॉलेज दोन्हींचा शेजार. २००० नंतरच्या काही वर्षांत तिथले मोठे कार्यक्रम थांबले. आजच्या मराठी वाचकाला रंगभवन हे नाव आठवतं ते बहुधा २६/११ मुळे. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर शहीद झाले ती रंगभवनची गल्ली. त्याच गल्लीत एकेकाळी तिकिटासाठी रांगा लागत, हे तिशीच्या आतल्यांना सांगावं लागतं.

म्हणून चाहत्यांच्या आठवणींचे सरळ दोन प्रकार पडतात. मुंबईकर चाहता गर्दी, घाम, पाऊस सांगतो. जिल्ह्यातला चाहता कॅसेटची ‘ए’ बाजू कुठल्या गाण्यावर संपायची ते सांगतो. दुसरी आठवण कमी अस्सल मानायची प्रथा आहे. ती चुकीची वाटते. मैफल एका रात्रीची असते, कॅसेट वर्षभर रोज ऐकली जाते.

चाहत्यांमधला सर्वात मोठा वाद कोणता?

नावाचा. १९९३ मध्ये रॉक मशीनचं ‘इंडस क्रीड’ झालं. संगीत बदलत होतं, भारतीय वाद्यांचे रंग येत होते आणि ‘रॉक मशीन’ हे नाव बँडलाच पोरकट वाटू लागलं होतं. एका गटाला हे पटलं. दुसऱ्या गटाच्या मते बँडने आपल्या जुन्या चाहत्यांवर काट मारली.

या वादात लांबच्या चाहत्यांचं जास्त नुकसान झालं. बातमी पोहोचवणारं माध्यमच तुटपुंजं होतं. रॉक स्ट्रीट जर्नल हे रॉकला वाहिलेलं मासिक त्याच वर्षी, १९९३ मध्ये सुरू झालं. तेही मुंबई-दिल्लीतून नव्हे, तर अलाहाबादहून. ते हाती नसलेल्या चाहत्यासाठी रॉक मशीन एक दिवस नुसताच गायब झाला. काहींना तर टीव्हीवर इंडस क्रीड पाहूनही हा तोच बँड आहे हे कळलं नाही.

टीव्हीवर, कारण १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला आणि त्यासोबत एमटीव्ही. गल्लीत केबल पसरली. ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला १९९३ मध्ये एमटीव्हीच्या व्हिडिओ पुरस्कारांत आशियाच्या प्रेक्षकांची पसंती मिळाली. बँडला रोज पाहता येईल अशी सोय झाली तेव्हा जुनं नाव उरलं नव्हतं.

इंग्रजीच का, हा आक्षेप कितपत खरा?

आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. इंग्रजीत गाणारा बँड कॉलेज फेस्टिव्हल आणि मोठ्या शहरांपुरता राहणार, हे उघड होतं. हिंदी सिनेसंगीताशी बाजारात टक्कर देणं तर अशक्यच. पण ‘परक्या भाषेतलं, म्हणून परकं’ हा निष्कर्ष घाईचा वाटतो. पुसदच्या हॉस्टेलात अर्धे शब्द न कळता ते गाणं ऐकणाऱ्या मुलाला त्यात भाषा नव्हे, गिटार ऐकू येत होती. शिवाय पुढे बेनेगल आणि गांधी यांनी न्यूयॉर्कला जाऊन ‘आम्स फॉर शांती’ हा बँड केला, तेव्हा हिंदी शब्द घेतलेच. मराठीत मात्र यातलं काही आलं नाही. तिनईकर आडनावाचा गिटारवादक असूनही मराठी कानांना आपल्या भाषेतल्या रॉकसाठी थांबावंच लागलं.

चाहत्यांच्या कोणत्या आठवणी तपासून घ्याव्यात?

रॉक मशीन हा भारतातला पहिला रॉक बँड, हा दावा सर्रास केला जातो. तो खरा नाही. १९७० आणि १९७१ मध्ये ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडच्या रेकॉर्ड निघाल्या होत्या. मुंबईच्याच ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’चा अल्बमही रॉक मशीनच्या आधीचा. समकालीनही होते, उदाहरणार्थ केरळचा ‘१३ एडी’. स्वतःची गाणी गाऊन देशभर ओळख मिळवणाऱ्या पहिल्या काही बँडपैकी रॉक मशीन एक, असं म्हणणं जास्त बरोबर. ‘एमटीव्ही पुरस्कार रॉक मशीनला मिळाला’ हेही अर्धंच खरं. गाणं रॉक मशीनच्या काळातलं, पुरस्काराच्या वेळी पाटी इंडस क्रीडची.

पुढे बँडचं काय झालं?

१९९७ मध्ये तो फुटला. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. सोबत बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी ही नवी मंडळी. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. चाहत्यांची प्रतिक्रिया अपेक्षितच होती: नवीन छान आहे, पण जुनं वाजवा. १९८५ मध्ये ज्यांना ‘परदेशी वाजवा’ हे ऐकावं लागलं, त्यांना आता स्वतःच्याच जुन्या गाण्यांची फर्माइश ऐकावी लागते.

घरात जुनी कॅसेट असेल तर काय करावं?

आधी प्लेअरमध्ये टाकू नका. खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात पाहा. पांढरे डाग किंवा पावडर दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वाजवली तर डोक्याला, म्हणजे हेडला, बुरशी लागते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. डाग नसतील तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, चिकटलेले थर सुटतात. पत्र्याखालच्या खोलीत किंवा माळ्यावर कॅसेट ठेवू नका. यवतमाळचा मे महिना ४४-४५ अंशांचा असतो आणि त्यानंतर लगेच पावसाळ्याची ओल. फितीला हे दोन्ही सोसत नाही.

वाजणारी कॅसेट मिळाली तर टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून, ते नसेल तर हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या साउंड इनपुटला जोडा आणि वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. एमपी३ नंतरही करता येते. खरखर काढण्याची घाई नको, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. कव्हरवर मित्राच्या हस्ताक्षरात गाण्यांची यादी असेल तर तिचाही फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. त्या यादीत रॉक मशीनची नसलेली दोन गाणी कुणाची, हे बहुधा तिथेच लिहिलेलं सापडेल.