गिऱ्हाईकच नाही, तर कर्ज कशाला?

माथेरानला मोटारींना बंदी आहे. मोटारी थांबतात त्या दस्तुरी नाक्याच्या पुढे 2020 च्या सुमारास माणसे आणि सामान जात असे ते मुख्यतः घोड्यावर, हातरिक्षात नाहीतर हमालाच्या डोक्यावर. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागली आणि हे सगळे धंदे एकदमच बसले. 2020 आणि 2021 असे लागोपाठ दोन उन्हाळी हंगाम बुडाले. पावसाळा काढायचा तो याच हंगामाच्या कमाईवर. शिवाय गिऱ्हाईक असो वा नसो, घोड्याला रोज वैरण आणि चंदी लागतेच. म्हणजे घोडेवाल्याची मिळकत थांबली, खर्च मात्र चालूच राहिला.

केंद्र सरकारने 28 जून 2021 रोजी पर्यटनासाठी मदत जाहीर केली. मान्यताप्राप्त पर्यटन व्यावसायिकांना 10 लाखांपर्यंत आणि परवानाधारक गाइडना 1 लाखापर्यंत कर्ज, विनातारण आणि सरकारी हमीवर. गाळा आणि कर्मचारी सांभाळणाऱ्या कंपनीला याचा उपयोग होता, हे मान्य. पण हातावर पोट असलेल्याला कर्ज देणे म्हणजे आजची उपासमार उद्याच्या हप्त्यांवर ढकलणे. त्याला हवी होती परत न करायची रोकड. राज्य सरकारने एप्रिल 2021 मध्ये तसे केलेही: परवानाधारक रिक्षाचालक आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी 1,500 रुपये. रक्कम तुटपुंजी होती, पण दिशा बरोबर होती. मात्र त्या घोषणेत घोडेवाले हा गट नव्हता.

तिजोरीत पैसा कुठे होता, असे कोणी म्हणेल. पण आदल्याच वर्षी, 2020 मध्ये, केंद्राने महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा 500 रुपये थेट भरले होते. 2019 मध्ये सुमारे 4 कोटी परदेशी पर्यटक पाहिलेल्या थायलंडने असंघटित कामगारांना महिना 5,000 बात याप्रमाणे तीन महिने दिले. तिथेही सुरुवातीला अनेक गरजूंचे अर्ज फेटाळले गेले, तक्रारी झाल्या आणि फेरतपासणी करावी लागली. दुसरा आक्षेप नेमका हाच असतो, की पैसा भलत्याच्या हाती जाईल. माथेरानमध्ये हे टाळणे तुलनेने सोपे होते, कारण घोड्यांना आणि हातरिक्षांना परवाने लागत. यादी तयारच होती. खरी अडचण परवान्याबाहेरच्यांची आहे. मालकाच्या घोड्यामागे धावणाऱ्या मोतद्दाराच्या नावावर परवाना नसतो. परवान्याचे नूतनीकरण करतानाच मालकाकडून त्याचे नाव आणि खाते क्रमांक लिहून घेता येईल, आणि त्यासाठी पुढच्या साथीची वाट पाहायची गरज नाही.