मस्तानीच्या मरणाला जबाबदार कोण?

तारापूर म्हटलं की आज अणुवीज केंद्र आठवतं. जानेवारी 1739 मध्ये मात्र तारापूरच्या किल्ल्याच्या तटाखाली मराठ्यांचे सुरुंग उडत होते. पेशवे बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून हा किल्ला जिंकला, मे महिन्यात वसईही पडली. त्या पराक्रमाचं कौतुक आजही होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण पुढच्याच हिवाळ्यात याच अप्पांच्या संमतीने पुतण्या नानासाहेबांनी पुण्यात बाजीरावांच्या प्रिय मस्तानीला कैदेत टाकलं, हे त्या कौतुकात कुणी आठवत नाही.

28 एप्रिल 1740 रोजी बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले. पाठोपाठ मस्तानीही गेली. कशाने, याची खात्रीलायक समकालीन नोंद नाही. ती उणीव लोककथेने भरून काढली: कुणी म्हणतं तिने विष घेतलं, कुणी म्हणतं ती सती गेली. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या 1972 च्या कादंबरीने तिला मराठी घराघरांत नेलं. 2015 च्या हिंदी चित्रपटात तर नायक तिकडे आणि नायिका इकडे, दोघं एकाच वेळी प्राण सोडतात.

प्रेमापायी मेलेल्या नायिका जगभरच्या साहित्यात आहेत. त्यांच्या बाबतीत विचारावं असं एकच: तिच्या मरणाला जबाबदार कोण?

टॉलस्टॉयची अ‍ॅना कॅरेनिना रेल्वेखाली जीव देते, पण तिचा शेवट बराच आधी सुरू झालेला असतो. ती नाटकगृहात जाते, तेव्हा शेजारच्या बॉक्समधली बाई तिच्याजवळ बसणं अपमानाचं मानून तरातरा उठून जाते. तिचा प्रियकर व्रॉन्स्की मात्र त्याच समाजात पूर्वीसारखाच मोकळा वावरतो. टॉलस्टॉय कुणालाही सोडत नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू याच्या उलट. नवऱ्याच्या हातून जिवावरचा मार खाऊनही ती त्याच्यावर आळ येऊ देत नाही. 1919 पासून प्रेक्षक तिच्यासाठी रडत आले. तिच्या त्या खोटेपणावर मात्र फारसं कुणी रागावलं नाही.

अद्भुतकथेत चित्र पालटतं. टॉल्किनच्या ‘सिल्मरिलियन’मधल्या ल्यूथिएनला बाप उंच झाडावरच्या घरात कोंडतो. ती मंत्राने केस वाढवते, त्यांचा झगा विणते, दोर वळते आणि निसटते. पुढे मृत प्रियकरासाठी मृतांच्या स्वामीपुढे गाते. वटपौर्णिमेला ज्या सावित्रीची कथा आपल्याकडे सांगतात, तिचीच ही दूरची बहीण वाटावी. फरक एवढाच की सावित्री नवऱ्याला घेऊन घरी येते, तर ल्यूथिएनला प्रियकर मिळतो तो स्वतःचं अमरत्व देऊन. मरण ती डोळसपणे, स्वतः निवडते.

मस्तानीच्या दंतकथेनेही तिला हेच करायला लावलं आहे. विष तिने स्वतः घेतलं म्हटलं की पहारे बसवणारे आपोआप सुटतात. कथा म्हणून हे सुंदर आहे. इतिहास म्हणून फार सोयीचं आहे. तिच्याकडे ल्यूथिएनचे केस नव्हते, आणि तिला कोंडणारे परीकथेतले राक्षस नसून घरचे कर्तबगार पुरुष होते.

पाबळला मस्तानीची कबर आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर पेशव्यांच्याच घरात वाढला आणि 1761 मध्ये पेशव्यांच्याच बाजूने पानिपतावर लढून, जखमांनी मेला.