घटक ४ : कोकण किनाऱ्यावरील इस्लाम व ख्रिस्ती धर्म – आगमन आणि सत्ता

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• कोकण किनाऱ्यावर इस्लाम व ख्रिस्ती धर्म कोणत्या मार्गाने आले, हे सांगता येईल.
• धर्माचे आगमन आणि त्या धर्माच्या राज्यकर्त्यांचे आगमन यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• प्रवासवर्णन व ताम्रपट या साधनांचे मूल्यमापन करता येईल.
• या दोन्ही समाजांचे मराठी भाषेशी असलेले नाते विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण उत्तर कोकणातील शिलाहार राजवटीचा परिचय करून घेतला. या घटकात त्याच किनाऱ्यावर स्थिरावलेल्या दोन धर्मांचा इतिहास पाहावयाचा आहे.

महाराष्ट्रात इस्लाम केव्हा आला, असे विचारले असता बहुतेकांच्या तोंडी १२९६ हे वर्ष येते. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील स्वारी शालेय पुस्तकापासून आपल्या स्मरणात असते. ख्रिस्ती धर्माविषयी विचारले, तर 'पोर्तुगीजांबरोबर आला' असे उत्तर मिळते. ही दोन्ही उत्तरे राज्यकर्त्यांच्या आगमनाची आहेत; धर्मांच्या आगमनाची नव्हेत. हे दोन प्रश्न एकच मानले, की शेकडो वर्षांचा सहजीवनाचा काळ इतिहासातून पुसला जातो आणि येथील मुसलमान व ख्रिस्ती समाज उपरे वाटू लागतात. म्हणून प्रस्तुत घटकात हे दोन प्रश्न वेगळे ठेवून विचार केला आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ समुद्रमार्ग आणि पहिल्या वसाहती

सोपारा, कल्याण, ठाणे व चौल या बंदरांचा पश्चिम आशियाशी प्राचीन काळापासून व्यापार होता. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या आधाराने गलबते भारताकडे येत आणि वारे उलटल्यावर परत जात. त्यामुळे व्यापाऱ्यांना बंदरात काही महिने मुक्काम करणे भाग पडे. काहींनी येथेच घरे केली व विवाह केले. त्यांच्याबरोबर त्यांचा धर्मही आला.

सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक लेखकाने 'कल्लियाना' येथे ख्रिस्ती धर्मगुरू असून त्याची नेमणूक इराणातून होते, असे लिहिले आहे. हे स्थळ म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण होय, असे काही अभ्यासक मानतात. काहींना ते दक्षिणेकडील स्थळ वाटते. मात्र पोर्तुगीजांच्या सुमारे हजार वर्षे आधी पश्चिम किनाऱ्यावर ख्रिस्ती लोक होते, याविषयी शंका नाही.

इस्लामसंबंधी पहिला उल्लेख मात्र स्वारीचा आहे. इ.स. ६३६ च्या सुमारास बहरीन व ओमानच्या अरब सुभेदाराने ठाण्यावर आरमार पाठविले, असे नवव्या शतकातील इतिहासकार बलाझुरी सांगतो. खलिफा उमर यांनी या कृत्याबद्दल नापसंती व्यक्त केली. या स्वारीतून येथे सत्ता स्थापन झाली नाही. जे टिकले ते व्यापारातून आलेले संबंध होत.

दहाव्या शतकात, इ.स. ९१६ च्या सुमारास, मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला. तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात, असे तो लिहितो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले जसे होते, तसेच याच भूमीत जन्मलेलेही होते. त्यांच्यापैकीच एकास राजा प्रमुख नेमी व तो त्यांचे तंटे सोडवी. हा आकडा प्रवाशाचा अंदाज आहे, हे ध्यानात ठेवावे. तथापि याच भूमीत जन्मलेल्या पिढीचा उल्लेख महत्त्वाचा आहे. खिलजीच्या स्वारीपूर्वी सुमारे पावणेचारशे वर्षे हा समाज येथे रुजला होता.

४.२.२ चिंचणीचा ताम्रपट

प्रवासवर्णनाची खातरजमा स्थानिक साधनांनी करावी लागते. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा संस्कृत ताम्रपट या दृष्टीने मोलाचा आहे. त्यावरून असे कळते, की राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाण परिसराचा कारभार मधुमती नावाच्या ताजिकाकडे सोपविला होता. 'ताजिक' म्हणजे अरब आणि 'मधुमती' हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप होय.

या अधिकाऱ्याने नदी ओलांडण्यासाठी विनामूल्य तरीची सोय केली आणि अन्नछत्र चालविले. एका ब्राह्मणाच्या विनंतीवरून देवीच्या मठिकेस जमीनही दिली. हिंदू राजा, मुसलमान अधिकारी आणि देवीच्या मठिकेला दान, अशी ही व्यवस्था आहे. तिला आजच्या अर्थाने सर्वधर्मसमभाव म्हणण्याची घाई करू नये. बंदराची भरभराट हा राजा, व्यापारी व रहिवासी या सर्वांचा समान हितसंबंध होता आणि त्यातून परस्परांच्या श्रद्धास्थानांचा मान राखण्याची रीत घडली, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
चौलच्या मुस्लिम वस्तीसाठी मसूदीचे वर्णन आणि संजाणच्या कारभारासाठी चिंचणीचा ताम्रपट, यांपैकी आपणांस कोणते साधन अधिक विश्वसनीय वाटते? दोन कारणे द्या.

४.२.३ ठाण्यातील १३२१ ची घटना

चौदाव्या शतकाच्या आरंभी ठाणे मुसलमानी अंमलाखाली आले. १३२१ मध्ये जॉर्डेनस हा डोमिनिकन धर्मप्रचारक चार फ्रान्सिस्कन साथीदारांसह तेथे उतरला. या चौघांना एका स्थानिक नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने आश्रय दिला. जॉर्डेनस प्रचारकार्यासाठी अन्यत्र गेला असता धार्मिक वादातून चौघांनाही ठार मारण्यात आले. त्यांचे अवशेष पुढे ओडोरिक या प्रवाशाने नेले. ठाण्यात नेस्टोरियनांची १५ घरे होती, असे तो नमूद करतो.

ही हकिकत आपणांपर्यंत केवळ ख्रिस्ती लेखकांकडून पोचली आहे आणि तिचा हेतू हुतात्म्यांचे गौरवगान हा आहे. असे असूनही तिच्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, राज्यकर्त्याचा धर्म आणि न्यायासन एकत्र आले, की धार्मिक वाद प्राणांवर बेतू शकतो. दुसरी, त्याच नगरात ख्रिस्ती कुटुंबे पूर्वीपासून नांदत होती आणि त्यांनी परक्यांस आपल्या घरी ठेवून घेतले होते.

४.२.४ पोर्तुगीज अंमल

सत्ता आणि धर्मप्रसार यांची सर्वांत घट्ट सांगड पोर्तुगीजांच्या काळात पडली. १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती गेले. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई व लगतचा मुलूख त्यांच्या हवाली केला. समुद्रात फिरणाऱ्या गलबतांना पोर्तुगीज परवाना घेणे सक्तीचे झाले. त्यामुळे मुसलमान व्यापाऱ्यांच्या जुन्या वर्चस्वास धक्का बसला. अनेक देवळे पाडली गेली. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या शैव लेण्याचे चर्च करण्यात आले. अनाथ हिंदू मुले धर्मगुरूंच्या स्वाधीन करण्याचा हुकूम १५५९ मध्ये निघाला, तर १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय सुरू झाले.

सक्ती, सवलतींचे आमिष, स्थानिक तंटे आणि काहींची खरी श्रद्धा, अशी धर्मांतराची कारणे संमिश्र होती. कोणतेही एकच कारण पुढे करणे इतिहासास धरून होणार नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण ख्रिस्ती समाज आपल्या शेतावाडीत राहिला. धर्म आणि सत्ता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

४.२.५ भाषेचे घर

मराठीच्या विद्यार्थ्यांनी या इतिहासाची भाषिक बाजू विशेष लक्षात घ्यावी. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्ती लोकांना पुराणश्रवणाची सवय होती, म्हणून बायबलमधील कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली. म्हणजे नव्या धर्माला जुन्या भाषेचा व जुन्या छंदाचा आश्रय घ्यावा लागला. पुढे १६८४ मध्ये गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज भाषा वापरावी, असा हुकूम निघाला. तरीही लोकांच्या घरातली बोली सुटली नाही.

मुस्लिम समाजाचेही तसेच आहे. माहीमचे मखदूम अली माहिमी (निधन १४३१) यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले. ज्ञानव्यवहाराची ही भाषा अरबी असली, तरी कोकणी मुसलमानांच्या घरात मराठीचीच बोली नांदली. तिच्यात अरबी-फारसी शब्द मिसळले, एवढेच. वसई परिसरातील ख्रिस्ती समाजाच्या सामवेदी अथवा कादोडी व वाडवळी या बोलीही मराठीच्याच होत.

४.३ सारांश

इस्लाम व ख्रिस्ती हे दोन्ही धर्म कोकणात प्रथम व्यापाराच्या मार्गाने आले. त्या धर्मांच्या राजसत्ता शतकांनंतर आल्या. सत्तेच्या काळात अन्याय झाले. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु सत्तेने केलेल्या अन्यायाचा जाब त्या धर्माच्या आजच्या सामान्य माणसाकडे मागणे, ही इतिहासाची चूक ठरते. सत्ता गेल्या, समाज राहिले आणि त्यांची बोली मराठीच राहिली.

४.४ सरावासाठी प्रश्न व क्षेत्रीय कार्य

१. 'धर्माचे आगमन व सत्तेचे आगमन हे भिन्न प्रश्न आहेत.' कोकणच्या संदर्भात चर्चा करा.
२. चिंचणीच्या ताम्रपटाचे महत्त्व थोडक्यात लिहा.
३. 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवी छंद का निवडला असावा, ते सांगा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील एका मशिदीची, दर्ग्याची अथवा चर्चची माहिती तेथील वडीलधाऱ्यांकडून मिळवा. सांगीव माहिती आणि लेखी पुरावा यांची वेगवेगळी नोंद करा.