बोराबोरा राहून गेलं, त्याची गोष्ट

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. या लेखाचा विषय बोराबोरा असणार होता. संपादकांना मी तसं छातीठोकपणे सांगूनही ठेवलं होतं. ते निळंशार पाणी आणि मधोमध ओटेमानूचा ७२७ मीटर उंच सुळका! तुमच्या ऑफिसातल्या एका तरी मॉनिटरवर हा वॉलपेपर असेल, बघा मान वळवून. तर मी तिथवर गेले, साधारण २० मैलांवरून त्या सुळक्याकडे बघितलं आणि परत आले.

त्याचं असं झालं. माझा मावसभाऊ ऑकलंडला असतो. सोमवार ते शुक्रवार कोडिंग, शनिवार-रविवार शिडाची बोट. मागच्या ऑगस्टमध्ये त्याने आणि वहिनीने फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेआ बेटावर आठवड्यासाठी कॅटमरान भाड्याने घेतली. त्याच्या ऑफिसातलं एक जोडपं आणि मी धरून पाच जण, खर्च सारखा वाटून. ‘बेअरबोट’ म्हणजे नुसती बोट मिळते, कप्तान आपला आपण. चालवणाऱ्याचा अनुभव तपासतात, एक चक्कर मारून बघतात आणि किल्ली हातात ठेवतात. (जायचा विचार असेल तर व्हिसाचं आधी बघा. साधा शेंगेन इथं चालत नाही, फ्रेंच पॉलिनेशियाचा वेगळा उल्लेख लागतो.)

रायातेआ आणि ताहाआ ही दोन बेटं एकाच लगूनमध्ये आहेत. भोवती प्रवाळाची भिंत, तिच्यात मोजक्या फटी. त्यांना ‘पास’ म्हणतात. बाहेर अख्खा पॅसिफिक त्या भिंतीवर आपटत असतो आणि आत पाणी इतकं शांत की बोटीवर कॅरम खेळावा. रस्ता दाखवायला खांब आहेत, लाल डोंगराच्या बाजूला, हिरवे रीफच्या बाजूला. पण खरा भरवसा पाण्याच्या रंगावर. गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे वाळू आणि तपकिरी म्हणजे प्रवाळ, म्हणजे बोटीचं पोट फाटलंच! हे रंग दिसायला ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे लागतं. दुपारी ४ नंतर पश्चिमेकडे निघालात तर पाणी नुसतं चकाकतं. त्यामुळे तीन-साडेतीनला नांगर टाकून मोकळं व्हायचं. पुढे उभं राहून ‘तपकिरी!’ म्हणून बोंबलायची ड्यूटी माझी होती.

आणखी एक भन्नाट प्रकार. इथली भरती चंद्राऐवजी सूर्याच्या तालावर चालते. रोज दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती, आणि पाण्याचा चढउतार जेमतेम फूटभर. जन्मभर दादर चौपाटी बघितलेल्या मला हे पटेचना.

सोमवारी आम्ही हुआहिनेला निघालो. हे बेट पूर्वेला आणि या दिवसांतला वारा आग्नेयेकडून, म्हणजे जवळपास समोरूनच. २० मैलांना पाच तास लागले. सकाळचे पोहे कसे गेले, कसे आले याचं वर्णन करत नाही. मंगळवारी तेच अंतर, तोच वारा, पण पाठीवर घेऊन आलो तर कपातला चहासुद्धा सांडला नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

येताना रायातेआच्या किनाऱ्यावर तापुतापुआतेआला थांबलो. काळ्या दगडांचं हे जुनं देवस्थान २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. तुपाया याच बेटाचा. १७६९ साली तो कॅप्टन कुकच्या जहाजावर चढला आणि पाठ असलेली ७०हून अधिक बेटं त्याने नकाशासाठी सांगितली. आमच्याकडे दोन जीपीएस होते, तरी दादा दर दहा मिनिटांनी घाम पुसत होता.

बुधवारी ताहाआला असताना हवामानाचा अंदाज आला. ‘मारामू’ येतोय. हा इथल्या हिवाळ्यातला जोरदार आग्नेय वारा, एकदा सुरू झाला की काही दिवस मुक्काम ठोकतो. बोराबोरा वाऱ्याच्या दिशेला, त्यामुळे जाणं म्हणजे तीन-चार तासांची मजा. येणं मात्र त्याच वाऱ्याच्या तोंडात. शनिवारी दुपारी बोट परत द्यायची होती आणि सोमवारी दादाच्या प्रोजेक्टचं रिलीज.

“आज निघू, शुक्रवारी पहाटे परत फिरू,” दादा म्हणाला. मीही लगेच, “चल ना दादा!” लेख कबूल केला होता ना.

वहिनी मालवणची. तिचे आजोबा मासेमारीला जायचे. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “परवा वारा १५ नॉट होता, तर ही पाच तास बादलीत तोंड घालून बसली होती. ३० नॉटमध्ये काय करणार? आणि सोमवारी तुझं ऑफिस आहे म्हणून वारा शुक्रवारी थांबणारे का?”

मित्राची बायको वहिनीच्या बाजूने. मित्र म्हणाला, “मला विचारू नका, माझं अप्रेझल याच्याकडे आहे.” म्हणजे दोन विरुद्ध दोन. दादा तासभर कोणाशी बोलला नाही. रात्री दोनदा अंदाज उघडून बघितला. सकाळी नांगर उचलला आणि बोट ताहाआच्या पश्चिमेला, हुरेपिती खाडीत आत आत नेली.

मला रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू?

गुरुवारी रात्री अडीचला नांगराचा अलार्म वाजला. डोंगरावरून उतरणारे झोत बोटीला ओढत होते, नांगर चिखलातून सरकत होता. दादा सुकाणूवर, वहिनी पुढे साखळीपाशी, मी टॉर्च धरून. नांगर पुन्हा पक्का रुतेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. इतकं सुरक्षित आत असून रीफवरचा आवाज लोकलच्या खडखडाटासारखा सतत कानावर येत होता. त्या चाळीस मिनिटांत बोराबोराचं नाव कोणी काढलं नाही. मीसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी व्हॅनिलाच्या मळ्यात गेलो. फूल उमलतं एका सकाळपुरतं, आणि परागीभवन करणारी मूळची मेक्सिकोतली माशी इथं नाहीच. मग मळ्यातली मावशी काडीने फुलातला पडदा उचलते, अंगठ्याने दाबते, पुढचं फूल. ही युक्ती १८४१ साली रियुनियन बेटावरच्या एदमों आल्बियुस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. शेंग तयार व्हायला पुढे नऊ महिने. मी तीन फुलं केली, त्यातलं एक मोडलं. मावशी हसली आणि काडी काढून घेतली.

संध्याकाळी डिंगीने पश्चिमेच्या एका मोटूवर, म्हणजे रीफवरच्या छोट्या बेटावर गेलो. वारा अजून तसाच होता. समोर पांढऱ्या लाटांपलीकडे ओटेमानू, आणि सूर्य त्याच्या जवळ उतरत होता. दादाने झूम करून फोटो काढला. वहिनीने त्याच्या हातात नारळपाणी दिलं आणि तिथेच वाळूत बसली.

सोबतच्या फोटोत उजवीकडे नखाएवढं काळं टोक दिसतंय, ते बोराबोरा.