मद्रासमध्ये छापलेला घोड्याचा बळी

चेन्नईच्या बुद्धिबळाचा इतिहास सांगताना आपण फार तर १९६१ पर्यंत मागे जातो. त्या वर्षी मॅन्युएल आरन भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झाले. पुढे १९७२ चा ताल बुद्धिबळ क्लब, १९८८ मध्ये ग्रँडमास्टर झालेला आनंद, २०२४ चा जगज्जेता गुकेश, ही नावं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण या शहरात १८२९ सालीच बुद्धिबळावर एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं होतं, तेही डावाच्या सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या एका बळीवर. गुलाम कासिम आणि मद्रास मुलकी सेवेतले जेम्स कॉक्रेन यांनी केलेलं ते ‘मुझिओ गॅम्बिट’चं विश्लेषण होतं.

हा बळी समजायला पट मांडूनच बघावा. दोघंही राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवतात. पांढरा राजाच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं पुढे करतो, काळा ते मारतो. इथवर हा नेहमीचा किंग्ज गॅम्बिट. पांढरा घोडा काढतो. काळा मारलेल्या प्याद्याची जागा राखायला त्याच बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं ढकलतो. पांढऱ्याचा उंट बाहेर येऊन काळ्या राजाशेजारच्या नाजूक प्याद्यावर रोखला जातो, आणि काळा ढकललेलं प्यादं आणखी एक घर पुढे नेऊन घोड्यावर चालून जातो. शहाणा माणूस इथे घोडा हलवील. मुझिओ खेळणारा किल्लेकोट करतो! प्यादं घोडा मारतं, वजीर ते प्यादं मारतो. आता पांढऱ्याचा एक घोडा कमी आहे, पण वजीर, हत्ती आणि उंट तिघांचाही रोख त्या एका नाजूक घराकडे आहे आणि काळ्याची बहुतेक फौज अजून तबेल्यात उभी आहे.

नावाची कथा मात्र गमतीची आहे. ही कल्पना सोळाव्या शतकाअखेरीस इटलीच्या पोलेरिओच्या टिपणांत होती. १६३४ मध्ये साल्विओनं ती आपल्या पुस्तकात घेतली आणि लिहिलं, की मुझिओ नावाच्या गृहस्थानं कास्चिओला असा डाव खेळताना पाहिलं. १८१३ मध्ये लंडनच्या सॅरॅटनं इंग्रजी भाषांतर करताना घोळ घातला आणि बघ्याचं नाव डावाला चिकटलं. खेळला एक, नाव झालं दुसऱ्याचं.

मद्रासच्या पुस्तकामागे मात्र एक सामना होता. १८२८ मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांच्यात टपालानं दोन डावांचा सामना झाला. एकेक चाल पत्रातून जायची, उत्तराची वाट बघायची. तिकडे लंडन आणि एडिंबरा यांचाही असाच सामना १८२४ ते १८२८ चालला, आणि ‘स्कॉच’ ओपनिंगला नाव मिळालं ते त्यातूनच. मद्रासच्या बाजूची सूत्रं मुख्यतः गुलाम कासिमांकडे होती, हे पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकातच छापलं आहे. कंपनीच्या राज्यात गोऱ्या अधिकाऱ्याच्या जोडीनं, किंबहुना त्याच्या आधी, एका हिंदी माणसाचं नाव तज्ज्ञ म्हणून छापलं जाणं ही मला चालींइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटते.

टपाली डावात बळी देणं हे मर्दुमकीचं काम नाही. समोरच्याला घाबरवता येत नाही. त्याच्याकडे दिवसच्या दिवस असतात. तिथे बळी टिकतो तो हिशेबावर. म्हणूनच या सामन्याचं पुस्तक विश्लेषणाचं झालं, यात नवल नाही.

मुझिओ किल्लेकोटावर उभा आहे, पण भारतातल्या देशी बुद्धिबळात युरोपीय किल्लेकोट नव्हता. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. आणि ओपनिंगच्या पुस्तकांत ‘गुलाम कासिम’ म्हणून जो फाटा ओळखला जातो, त्यात पांढरा घोडा वाऱ्यावर सोडतो, पण किल्लेकोट न करता वजिरापुढचं प्यादं दोन घरं ढकलतो. दोन्हींचा संबंध जोडायचा मोह होतो, पण तो माझा तर्क समजावा. देशी आणि विलायती पद्धतींची गाठ मात्र तेव्हा सर्वत्र पडत होती. मुंबईत १८१४ मध्येच त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेलं बुद्धिबळाचं पुस्तक निघालं होतं. पुढे १८४८ मध्ये कलकत्त्यात जॉन कॉक्रेननं (मद्रासचा कॉक्रेन वेगळा) महेशचंद्र बंदोपाध्यायांविरुद्ध पेट्रॉफ बचावात चौथ्याच चालीला घोडा देऊन टाकला. तो फाटा आजही कॉक्रेन गॅम्बिट म्हणून खेळला जातो. १९९९ मध्ये लिनारेसच्या स्पर्धेत टोपालोव्हनं तो क्रामनिकवर वापरला आणि डाव बरोबरीत सुटला.

मुझिओ आज वरच्या पातळीवर क्वचित दिसतो. काळ्यानं नेमक्या चाली शोधल्या तर पांढऱ्याला घोड्याची पुरती किंमत वसूल करणं अवघड जातं. पण चुकायला फार वाव असतो, आणि तेच त्याचं आकर्षण. १९९० मध्ये मुझिओ खेळताना शिरोवनं तर घोड्यामागोमाग उंटही दिला. चेन्नईच्या बुद्धिबळाचा इतिहास यापुढे कुणी लिहिलाच, तर त्याची सुरुवात आरन यांच्यापासून नव्हे, गुलाम कासिम यांच्यापासून व्हायला हवी.