अभ्यासाची अवजारं (लेखांक 5) : एमबीबीएसचं पहिलं वर्ष आणि टॅबची खरेदी

निवड यादी लागते, कॉलेजात कागदपत्रं जमा होतात आणि एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्या मुलामुलींच्या घरी पुढची चर्चा सुरू होते ती टॅबची. कुठला घ्यायचा, सोबत पेन येतं का, सीनियर काय वापरतात, वर्षाचं सबस्क्रिप्शन आत्ताच घेतलं तर सवलत मिळेल का? ॲप्रन, पुस्तकं आणि बोन सेट या नेहमीच्या खर्चात आता या खरेदीची भर पडली आहे. बहुतेक घरांत निर्णय होतो तो दुकानात किंवा सीनियरच्या एका मेसेजवर. तो व्हायला हवा अभ्यासक्रम समोर ठेवून.

पहिल्या वर्षाचे मुख्य विषय तीनच : ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेत त्यांचे पेपर हाताने लिहायचे असतात, आकृत्या काढायच्या असतात, शिवाय प्रॅक्टिकल आणि व्हायव्हा असतेच. परीक्षक हातात एक हाड देतात आणि विचारतात : हे उजव्या बाजूचं की डाव्या? या खाचेतून कोणती नर्व्ह जाते? काही वर्षांनी नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला हीच माहिती पुन्हा लागते. तिथे साडेतीन तासांत 200 बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात; बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलेल्याला 1 वजा.

म्हणजे विद्यार्थ्यापुढे कामं तीन आहेत. प्रचंड माहिती वर्षानुवर्षं लक्षात ठेवणं, शरीर तीनही मितींत डोळ्यांपुढे आणणं आणि ठरलेल्या वेळात हाताने उत्तर उतरवणं. प्रत्येक कामाचं अवजार वेगळं आहे आणि महागडा टॅब यातलं एकही काम आपण होऊन करत नाही.

लक्षात ठेवण्याचं अवजार

विसरण्याचा वेग पहिल्यांदा काटेकोरपणे मोजला तो हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. 1885 मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तो स्वतःच पाठ करायचा आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचला, हे मोजायचा. तासाभराने ही बचत निम्म्याहून खाली, सुमारे 44 टक्क्यांवर आली होती, एका दिवसाने 34 टक्क्यांवर आणि महिन्याने 21 टक्क्यांवर. सगळ्यात मोठी गळती पहिल्या दिवसातच होते.

ही गळती पुन्हा पुन्हा वाचून थांबत नाही. 2006 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रं वाचला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता : 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने चित्र पालटलं. वाचणाऱ्यांना 40 टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री चौरसियांच्या ॲनाटॉमीच्या पुस्तकाची पानं चौथ्यांदा उलटणाऱ्याला सगळं येतंय असं का वाटतं आणि टर्मिनल परीक्षेनंतर त्यातलं फारसं का उरत नाही, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

तेव्हा पहिलं अवजार हवं ते प्रश्न विचारणारं, आणि तेही विसरण्याच्या बेतात असताना विचारणारं. 1987 मध्ये पोलंडच्या पोझनान शहरात शिकणाऱ्या प्योत्र वोझ्नियाक या विद्यार्थ्याने असा संगणकीय प्रोग्रॅम लिहिला, सुपरमेमो. त्याची आकडेमोड आधाराला घेऊन डेमियन एल्म्स यांनी 2006 मध्ये अँकी हे सॉफ्टवेअर आणलं. आज जगभरातल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांत ते लोकप्रिय आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर किती सहज आठवलं ते विद्यार्थ्याने सांगायचं आणि त्यावरून ते कार्ड पुन्हा चार दिवसांनी दाखवायचं की चार महिन्यांनी, हे सॉफ्टवेअर ठरवतं. 2023 पासून त्यात एफएसआरएस ही नवी पद्धतही आली आहे. ती प्रत्येकाच्या उत्तरांच्या नोंदींवरून त्याच्या विसरण्याचा वेग जोखते.

याचा परीक्षेत किती उपयोग होतो? त्याच वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांवर 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, इतर घटकांचा हिशेब वजा करून, अँकीची दर 1,700 वेगवेगळी कार्डं एका जादा गुणाशी निगडित आढळली. सराव प्रश्नांच्या बाबतीत तेवढ्याच फरकाला 445 प्रश्न लागले. दोन्ही आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. कार्डांचा फायदा खरा आहे, पण तो चिकाटीने आणि हळूहळू मिळतो. आणि प्रश्न सोडवण्याचा सराव कार्डांमुळे टळत नाही.

एक कार्ड, जवळून

घोडं पेंड खातं ते कार्ड बनवताना. उदाहरणार्थ, दंडाचं हाड, म्हणजे ह्यूमरस. नवखा विद्यार्थी कार्डावर लिहितो : ‘ह्यूमरसची नर्व्ह रिलेशन्स सांगा’, आणि मागच्या बाजूला पुस्तकातला अख्खा परिच्छेद चिकटवतो. असं कार्ड समोर आलं की अर्धं आठवतं, अर्धं नाही, आणि कोणतं बटण दाबावं हेच कळत नाही.

त्याऐवजी तीन कार्डं करावीत. पहिलं : ह्यूमरस मधोमध मोडलं, रुग्णाला मनगट वर उचलता येत नाही; कोणती नर्व्ह दुखावली? रेडियल. दुसरं : सर्जिकल नेकपाशी मोडलं, डेल्टॉइड दुबळा झाला, कोणती? ॲक्झिलरी. तिसरं : कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्याला मार लागला, करंगळी आणि अनामिका नखीसारखी वळली, कोणती? अल्नर. एका कार्डावर एकच प्रश्न, त्याचं एकच उत्तर आणि प्रश्नात रुग्ण. व्हायव्हाला परीक्षक विचारतात तेही साधारण असंच.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इथे एक सोय आहे. प्रश्न मराठीत आणि उत्तर इंग्रजी संज्ञेत, असं कार्ड बेलाशक करता येतं; देवनागरीला काही अडचण येत नाही. संकल्पना आपल्या भाषेत पक्की होते आणि पेपरात लिहायची संज्ञाही तोंडात बसते. आकृतीवरची नावं झाकून ‘हे काय?’ विचारणारी कार्डंही आता अँकीतच बनवता येतात.

दोन सवयी सुरुवातीलाच लावून घ्याव्यात. उत्तर आठवलं नाही तर ‘अगेन’ हेच बटण दाबावं. पुष्कळ जण मनाची समजूत घालत ‘हार्ड’ दाबतात. सॉफ्टवेअर त्याचा अर्थ ‘कष्टाने का होईना, आठवलं’ असा घेतं आणि पुढचं सगळं वेळापत्रक चुकतं. दुसरी सवय आकड्याची. रोज 20 नवी कार्डं घेत राहिलं तर काही दिवसांनी रोजची उजळणी सुमारे 200 कार्डांवर जाते, असं अँकीची माहितीपुस्तिकाच सांगते. पहिल्या आठवड्यात उत्साहाने रोज 80 कार्डं घेणारा विद्यार्थी महिन्याभरात थकबाकीखाली दबतो आणि ॲप काढून टाकतो.

तयार कार्डांबाबतही सावध असावं. इंटरनेटवर सगळ्यात गाजलेला संच म्हणजे अँकिंग. त्यात तीस हजारांहून अधिक कार्डं आहेत, पण तो रचलाय अमेरिकी परीक्षेसाठी. आपल्या क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाची माहिती किंवा आशा सेविकेचं काम त्यात शोधून सापडणार नाही. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीतली निवडक कार्डं घ्यायला हरकत नाही. अख्खा संच उतरवून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या परीक्षेचा अभ्यास.

शरीर पाहण्याचं अवजार

त्रिमितीय ॲटलासची ॲप्स देखणी असतात. बोटाने स्नायू बाजूला सारले की खालची रक्तवाहिनी दिसते, आणि डिसेक्शन हॉलमध्ये एका टेबलाभोवती गर्दी असताना मागे उभ्या राहणाऱ्याला त्याचा खरोखर आधार होतो. या तंत्रामागे मोठं काम आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने गोठवलेल्या मृतदेहाचा एकेक मिलिमीटरचा थर छायाचित्रित करून 1994 मध्ये पुरुषाच्या शरीराची माहिती खुली केली. पुढच्या वर्षी स्त्रीच्या शरीराची आली, तीही एक तृतीयांश मिलिमीटरच्या थरांत.

पण ॲटलासमधलं शरीर एकच असतं, आणि ते आखीव-रेखीव असतं. वाचकांनी आत्ताच करून पाहावं : अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट थोडं आत वळवा. पुष्कळांच्या मनगटाच्या मधोमध एक दोरी वर उठते. ती पामॅरिस लाँगस स्नायूची. काहींच्या हाताला ती दिसणार नाही, कारण तो स्नायू त्यांच्यात नसतोच. ॲपमधल्या हातात तो नेहमी असतो. माणसामाणसांतला हा फरक डिसेक्शनच्या टेबलावर कळतो. म्हणून ॲटलास हॉलमध्ये जाण्याआधी आणि परतल्यावर पाहायचा, हॉलऐवजी नाही. कम्प्लीट ॲनाटॉमीसारख्या ॲपचे पैसे भरण्याआधी कॉलेजच्या ग्रंथपालांना एकदा विचारावं. संस्थेची वर्गणी असेल तर वेगळा खर्च कशाला?

लिहिण्याचं अवजार

टाइप करण्यापेक्षा हाताने लिहिलेल्या नोट्स चांगल्या, या मताला 2014 मध्ये पाम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांच्या प्रयोगांनी बळ दिलं. लॅपटॉपवाले विद्यार्थी व्याख्यान जवळजवळ शब्दशः उतरवत होते आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडत होते. 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा मात्र फरक तितका ठळक दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही, पण आपल्या विद्यार्थ्याला त्याच्या निकालाची वाट पाहण्याचं कारण नाही. त्याचा पेपर कागदावर आणि पेनाने होणार आहे. टॅबवरच्या आकृतीत चुकलेली रेघ क्षणात पुसता येते, रंग आपोआप भरतो, चित्र मोठं करता येतं. उत्तरपत्रिकेत यातलं काहीच नाही. टॅबवर नोट्स जरूर असाव्यात, शोधायला आणि सोबत न्यायला सोयीच्या पडतात. पण आठवड्यातून निदान एक पूर्ण उत्तर, घड्याळ लावून, कोऱ्या कागदावर लिहायला हवं.

नोट्सची मालकी

एमबीबीएस साडेचार वर्षांचं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. एवढ्या काळात ॲपचे नियम बदलतात. नोव्हेंबर 2021 मध्ये नोटॅबिलिटी हे लोकप्रिय ॲप एकरकमी किमतीवरून वर्गणीवर गेलं; आधी पैसे भरलेल्यांनी ओरड केल्यावर कंपनीने त्यांच्या सोयी कायम ठेवल्या. डिसेंबर 2023 मध्ये एव्हरनोटने फुकट वापरणाऱ्यांना 50 नोट्सची मर्यादा घातली. म्हणून ॲप निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा : माझ्या सगळ्या नोट्स एकदम पीडीएफमध्ये बाहेर काढता येतात का? दर महिन्याला तशी एक प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कार्डं किंवा सारांश करून घेण्याची टूम नवी आहे. वेळ वाचतो, हे खरं. धोका काय असतो ते वकिलीच्या क्षेत्राने दाखवून दिलं आहे. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला. औषधाचा डोस किंवा नर्व्हचं नाव याच आत्मविश्वासाने चुकीचं आलं आणि ते कार्ड वर्षभर घोकलं गेलं, तर ती चूक पाठ होते. यंत्राने बनवलेलं प्रत्येक कार्ड पाठ्यपुस्तकाशी पडताळल्याशिवाय संचात घेऊ नये.

खर्चाचा क्रम

सुरुवात फुकटातून होते. अँकी विंडोज, मॅक आणि लिनक्सवर मोफत आहे; अँड्रॉइडसाठी अँकीड्रॉइडही मोफत आहे आणि होस्टेलचं नेट गेलं तरी चालतं. आयफोन-आयपॅडवर मात्र अधिकृत ॲपसाठी सुमारे 25 डॉलर एकदाच भरावे लागतात. मिळत्याजुळत्या नावाची, अँकीशी संबंध नसलेली ॲप्सही ॲप स्टोअरमध्ये असतात, तेव्हा डाउनलोड करताना निर्मात्याचं नाव पाहावं. मॅरो, प्रेपलॅडर यांसारख्या तयारीच्या ॲप्सवर व्हिडिओ आणि प्रश्नसंच मिळतात, पण अनेक वर्षांचं पॅकेज पहिल्याच महिन्यात घेण्याची घाई नको. पहिली टर्मिनल होऊ द्यावी.

पालकांना एक विनंती. हातात आहे त्या फोनवर मुलाला किंवा मुलीला महिनाभर रोज कार्डं करू द्या, कागदावर आकृत्या काढू द्या. महिन्यानंतर पीडीएफ वाचायला स्क्रीन खरंच अपुरा पडत असेल, तर टॅब जरूर घ्या, तोही मध्यम किमतीचा. वाचलेल्या पैशांतून एक चांगला बोन सेट घ्या. व्हायव्हाला हातात हाडच येणार आहे.

(पुढच्या आठवड्यात : सीएच्या विद्यार्थ्यांची आर्टिकलशिप आणि लॅपटॉपची निवड)